फ्लूची लस की कोविडचा बूस्टर? पावसाळ्याआधी घरात काय ठरवायचं

एप्रिल-मे आला की मेडिकलच्या काउंटरवर एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडांनी येतो. बाबा सत्तरीचे झालेत, शुगर आहे, कोविडचा बूस्टर घ्यायचा राहून गेला तो आता देऊ का, की फ्लूची लस देऊ, की या वयात उगाच सुई नकोच? आमचं दुकान सिंहगड रोडला, गिऱ्हाईक बरंचसं ओळखीचं, त्यामुळे 'डॉक्टरांना विचारा' एवढं बोलून सुटका होत नाही, कारण डॉक्टरांना विचारून झालेलं असतं आणि डॉक्टर म्हणालेले असतात 'घेतली तरी चालेल'. आता या 'चालेल'चं करायचं काय. म्हणून दोन्ही शेजारी शेजारी ठेवून एकदा नीट लिहितोय. मी फार्मसीवाला आहे, डॉक्टर नाही, हे धरूनच वाचा.

माझं मत आधीच सांगून टाकतो, ज्यांना घाई आहे त्यांनी इथूनच परत फिरायला हरकत नाही. साठी ओलांडलेलं माणूस, किंवा शुगर, दमा, हार्ट, किडनी यातलं काही असलेलं कुठल्याही वयाचं माणूस, त्यांनी फ्लूची लस दरवर्षी घ्यावी, तिचा नंबर पहिला. कोविड बूस्टरचा नंबर दुसरा, आणि तोही कुठला मिळतोय, किती जुन्या विषाणूवर बनलाय आणि शेवटचा कोविड कधी होऊन गेला हे बघून. चाळिशीच्या आतलं ठणठणीत माणूस असेल तर कोविड बूस्टरच्या मागे धावायची गरज मला तरी दिसत नाही. आता यावर दोन्हीकडून दगड येणार हे माहितीये, एकीकडे 'सगळ्या लसी थोतांड'वाले आणि दुसरीकडे 'शंका काढलीस म्हणजे तू लसविरोधी'वाले. गंमत अशी की बूस्टरवर जगात जी खरी भांडणं झाली ती लसींवर अख्खं आयुष्य घालवलेल्या लोकांची आपसातली होती, त्यात हे दोघं कुठेच नव्हते.

पहिल्यांदा फ्लू, कारण तो सोपा.

आमच्या फ्रिजच्या मधल्या कप्प्यात, दाराला किंवा मागच्या भिंतीला न टेकवता, फ्लूच्या लसीचे खोके असतात. आत आधीच भरलेली अर्ध्या मिलीची सिरिंज. खोक्यावर २ ते ८ डिग्री लिहिलेलं असतं, गोठवू नका असं लिहिलेलं असतं (एकदा गोठली की फेकायचीच, परत वितळवून चालत नाही, म्हणून बर्फाला चिकटवून आणलेली लस कुणी दिली तर घेऊ नका), आणि जरा बारीक अक्षरात विषाणूंची नावं असतात. 'बी/ऑस्ट्रिया/१३५९४१७/२०२१' असं काहीतरी. म्हणजे बी प्रकारचा फ्लू, ऑस्ट्रियात सापडलेला, अमुक नंबरचा नमुना, २०२१ सालचा. ही यादी कंपनी ठरवत नाही. जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा बसते, फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरात दक्षिण गोलार्धासाठी, आणि कुठले विषाणू घालायचे ते सांगते. आपण नकाशावर उत्तर गोलार्धात असलो तरी पुण्यात फ्लूचा जोर पावसाळ्यात असतो, जुलै ते सप्टेंबर, आणि मग थोडा थंडीत. त्यामुळे पावसाळ्याआधी घेताय तर त्या वर्षीचा 'सदर्न हेमिस्फिअर'चा साठा मागायचा. मे महिन्यात मागच्या थंडीतला उरलेला खोका कुणी हातात ठेवला तर सरळ विचारा, नवीन आलाय का. विचारायला लाजू नका, पैसे तुमचे आहेत.

आता यातली कळीची गोष्ट. दर वर्षी विषाणू बदलतो, लस बदलते, पण दर वर्षी हजारो माणसांवर नव्याने ट्रायल होत नाही. होऊच शकत नाही, फेब्रुवारीत यादी आली आणि लस काही महिन्यांत बाजारात पाहिजे, ट्रायल संपेपर्यंत सीझन संपेल. बनवायची पद्धत तीच, कारखाना तोच, मात्रा तीच, आतला विषाणूचा तुकडा तेवढा नवा. पंचांग दरवर्षी नवं छापतात पण गणिताची पद्धत कुणी दरवर्षी नव्याने सिद्ध करत बसत नाही, तसंच. आणि यावर कधी कुणाचं मोठं भांडण झालेलं ऐकलंय? नाही, कारण या पद्धतीच्या मागे अनेक दशकांचा हिशोब आहे.

कोविड बूस्टरचा वाद नेमका इथूनच सुरू होतो. ३१ ऑगस्ट २०२२ ला अमेरिकेच्या औषध नियामकाने, एफडीएने, फायझर आणि मॉडर्नाचे नवे दुहेरी बूस्टर मंजूर केले, अर्धा डोस मूळ विषाणूचा आणि अर्धा त्या वेळी फिरत असलेल्या ओमिक्रॉनच्या बीए.४/५ या उपप्रकारांचा. मंजुरीच्या वेळी नेमक्या त्या मिश्रणाचा माणसांवरचा डेटा हातात नव्हता, उंदरांवरचा होता, आणि फायझरने जूनमधल्या बैठकीत दाखवला तो आठ उंदरांचा. झालं, 'आठ उंदरांवर टेस्ट केलेली लस' हे वाक्य व्हॉट्सॲपवर जे फिरलं ते अजून फिरतंय, गेल्याच पावसाळ्यात एका वहिनींनी मला मोबाईल काढून दाखवलं. वाक्य खोटं नाही, पण अर्धं आहे. त्याच तंत्राच्या लसी तोपर्यंत कोट्यवधी लोकांनी घेतलेल्या होत्या, आणि आधीच्या ओमिक्रॉनच्या, म्हणजे बीए.१ च्या, जवळपास तशाच बूस्टरचा माणसांवरचा डेटा होता. ब्रिटनने त्याच महिन्यात, १५ ऑगस्टला, हा बीए.१ वाला मॉडर्नाचा बूस्टर मंजूर केला. म्हणजे बघा, एकाने माणसांवर तपासलेली पण थोड्या जुन्या विषाणूची लस घेतली आणि दुसऱ्याने ताज्या विषाणूची पण माणसांवर न तपासलेली. दोन्हीकडे शहाणी माणसंच बसलेली होती. नंतर माणसांवरचे आकडे आले, अँटीबॉडी वाढतात हे दिसलं, मोठी काही दुर्घटना निघाली नाही. पण 'फ्लूला चालतं मग इथे का नाही' या युक्तिवादाला एक खरं उत्तर आहे, ते असं की फ्लूच्या पद्धतीमागे दशकं आहेत आणि एमआरएनएच्या, म्हणजे फायझर-मॉडर्नाच्या लसींच्या तंत्राच्या, मागे तेव्हा जेमतेम दोन वर्षं होती. मला स्वतःला यात एफडीएची घाई वाटते, पण धोका घातला असं वाटत नाही.

त्याच्याही आधी, १७ सप्टेंबर २०२१ ला, एफडीएच्याच सल्लागार समितीपुढे प्रश्न आला की सोळा वर्षांवरच्या सगळ्यांना फायझरचा तिसरा डोस द्यायचा का. समितीने १६ विरुद्ध २ अशा मतांनी नाही म्हटलं. मग पासष्टीवरचे आणि जास्त धोका असलेले, त्यांना द्यायचा का? १८ विरुद्ध शून्य, हो. हे दोन आकडे मी कुणाला ना कुणाला ऐकवतच असतो, कारण अख्ख्या वादाचा गाभा यात आहे. त्याच माणसांनी, त्याच दिवशी, त्याच लसीला एकदा नाही आणि एकदा हो म्हटलं, आणि फरक काय तर घेणाऱ्याचं वय आणि तब्येत. एफडीएमधले लस विभागाचे दोन वरिष्ठ अधिकारी, मॅरियन ग्रुबर आणि फिलिप क्रॉस, त्याच सुमारास नोकरी सोडायच्या वाटेवर होते आणि दोघांनी लॅन्सेट या वैद्यकीय जर्नलमध्ये इतरांबरोबर लेख लिहिला की सरसकट सगळ्यांना बूस्टर द्यायला अजून पुरेसा पुरावा नाही. तरी नोव्हेंबरमध्ये अठरावरच्या सगळ्यांना मंजुरी मिळालीच.

पुढे चक्र उलटं फिरलं. २०२५ च्या ऑगस्टमध्ये एफडीएने नव्या कोविड लसींची मंजुरी पासष्टीवरच्यांपुरती आणि आजार असलेल्यांपुरती आणून ठेवली, आणि निरोगी, कमी वयाच्यांसाठी नवीन ट्रायल करून दाखवा असं कंपन्यांना सांगितलं. त्याआधी जूनमध्ये अमेरिकेचे आरोग्यमंत्री केनेडींनी लसीकरण सल्लागार समितीतल्या (ही एफडीएच्या समितीहून वेगळी) सगळ्या १७ सदस्यांना एका फटक्यात काढलं. यातलं पहिलं पाऊल मला वैद्यकीयदृष्ट्या समजू शकतं, कारण ब्रिटननेही तेच केलं, तिथे २०२४ च्या शरदात पासष्टीवरच्यांना बूस्टर होता तो २०२५ ला पंच्याहत्तरीवरच्यांपुरता आणला, आणि कसलाही तमाशा न करता. दुसरं पाऊल म्हणजे सरळ राजकारण, त्याच्यावरून पुण्यात बसून आपल्या आईबाबांचं ठरवू नका.

आपल्याकडचं काय

आपल्याकडे वादाची जात वेगळी. अमेरिकेत बैठक यूट्यूबवर चालते, कोण काय बोललं, कुणी कुठे हात वर केला सगळं दिसतं, भांडण होतं पण उघड्यावर. इथे सीडीएससीओच्या, म्हणजे आपल्या औषध नियामकाच्या, विषय तज्ज्ञ समितीची शिफारस येते, दोन-चार परिच्छेदांचं इतिवृत्त, मग त्याच्या प्रमुखाची, डीसीजीआयची, मंजुरी, आणि डेटा नंतर कधीतरी जर्नलमध्ये. ३ जानेवारी २०२१ ला कोविशील्ड आणि कोव्हॅक्सिन दोन्हींना एकाच दिवशी मंजुरी मिळाली, तेव्हा कोव्हॅक्सिनच्या तिसऱ्या टप्प्याचा परिणामकारकतेचा आकडा आलेलाच नव्हता, म्हणून 'क्लिनिकल ट्रायल मोड'मध्ये मंजुरी असा एक भलताच शब्द निघाला आणि लोकांकडून संमतीपत्रावर सह्या घेतल्या. नंतर २५,८०० लोकांच्या ट्रायलचा निकाल आला, ७७.८ टक्के, लॅन्सेटमध्ये छापूनही आला, म्हणजे लस चांगली निघाली. पण निकाल चांगला लागला म्हणून आधीची घाई बरोबर ठरत नाही, आणि त्या घाईने जो संशय पेरला त्याचं पीक आम्ही काउंटरवाले अजून कापतोय.

१० जानेवारी २०२२ पासून प्रिकॉशन डोस, म्हणजे आपल्याकडचा बूस्टर, सुरू झाला, आधी आरोग्य कर्मचारी, फ्रंटलाइनवाले आणि आजार असलेले साठीवरचे. नियम साधा होता, आधीचे दोन डोस ज्याचे तिसराही त्याचाच. कोव्हॅक्सिनच्या बूस्टरचा जो अभ्यास होता तो १८४ लोकांचा, त्यातल्या निम्म्यांना बूस्टर आणि निम्म्यांना प्लासिबो (औषध नसलेलं नुसतं इंजेक्शन), आणि मोजल्या त्या अँटीबॉडी. आणि ब्रिटनच्या कोव्ह-बूस्ट अभ्यासात, २,८७८ लोक, सात वेगवेगळ्या लसी, डिसेंबर २०२१ लाच दिसलं होतं की ॲस्ट्राझेनेकाच्या (आपल्याकडची कोविशील्ड तीच) दोन डोसांवर तिसराही तिचाच दिला तर अँटीबॉडी वाढतात, पण एमआरएनए किंवा नोव्हावॅक्सची दिली तर कितीतरी जास्त वाढतात. आपल्याकडे वेगळी लस चालेल अशी अधिकृत शिफारस यायला १० ऑगस्ट २०२२ उजाडलं, ती कोर्बेव्हॅक्सची. मधल्या सात महिन्यांत ज्यांनी कोविशील्डवर कोविशील्ड घेतली त्यांचं नुकसान झालं असं मी म्हणत नाही, फायदा जरा कमी झाला एवढंच. पण तेव्हा कुणी सांगितलं का? त्याच काळात, २ मे २०२२ ला, सुप्रीम कोर्टाने डॉ. जेकब पुलियल यांच्या याचिकेवर दोन गोष्टी स्पष्ट केल्या, लस कुणावर जबरदस्तीने टोचता येणार नाही आणि ट्रायलचा डेटा लोकांपुढे ठेवायला पाहिजे. पहिली गोष्ट सगळ्यांना पाठ आहे, दुसरी कुणाला आठवत नाही. खरं तर ठरवायला बसलेल्या माणसाला दुसरीचाच उपयोग जास्त.

आणि मागणीचं म्हणाल तर, बूस्टर २२ कोटींच्या वर दिले गेले तरी लोकांचा उत्साह कधीच संपला होता. सिरमचे अदर पूनावाला ऑक्टोबर २०२२ ला सांगत होते की कोविशील्डचे सुमारे १० कोटी डोस एक्स्पायर झाले, उत्पादन तर डिसेंबर २०२१ लाच थांबवलेलं. आपल्या हडपसरच्या-मांजरीच्या पलीकडे कोट्यवधी डोस पडून राहिले.

बूस्टर बूस्टरमध्ये फरक

कागदावर पर्याय बरेच आहेत, प्रत्यक्षात हॉस्पिटलला फोन केला की 'स्टॉक नाही' हे उत्तर मिळायची तयारी ठेवा. तरी समजा मिळाला, तर कुठला?

कोव्होव्हॅक्स. सिरमचीच, अमेरिकेच्या नोव्हावॅक्सचं तंत्र, प्रथिनाचा तुकडा आणि सोबत एक ॲड्जुव्हंट, म्हणजे लसीचा जोर वाढवणारा घटक. वेगळी लस म्हणून बूस्टरची मंजुरी जानेवारी २०२३ मध्ये, तेव्हाची किंमत २२५ रुपये अधिक जीएसटी. मला हिचा भरवसा सगळ्यात जास्त वाटतो, कारण नोव्हावॅक्सने बाहेरच्या देशात प्रत्यक्ष आजार किती टळला हे मोजलेलं आहे, अमेरिका-मेक्सिकोत सुमारे तीस हजार लोकांवर ९० टक्क्यांच्या आसपास. अर्थात तेव्हाच्या विषाणूंवर, आत्ताच्या नाही.

कोर्बेव्हॅक्स हैदराबादच्या बायोलॉजिकल ई ची, हीसुद्धा प्रथिनाचीच, टेक्सासच्या बेलर कॉलेजशी मिळून बनवलेली. हिची मंजुरी मुख्यतः अँटीबॉडीवर, कोविशील्डपेक्षा जास्त येतात की नाही हे दाखवून. बूस्टर म्हणून अभ्यास ४१६ लोकांवर. म्हणजे 'आजार किती टळला' हे मोजलेलं नाही, 'टळायला पाहिजे' असं रक्तावरून काढलेलं अनुमान. हे अनुमान चुकीचं नसतं, पण त्याला अनुमानच म्हणायचं.

इनकोव्हॅक नाकातली, भारत बायोटेकची, चार थेंब या नाकपुडीत चार त्या. २६ जानेवारी २०२३ ला आली, तेव्हा खासगीत ८०० रुपये. सुईला घाबरणाऱ्यांनी हिची फार चौकशी केली. नाकात संरक्षण तयार झालं तर संसर्गच अडेल ही आशा होती, ती आशा सिद्ध झाली असं म्हणण्याइतका पुरावा माझ्या वाचनात नाही, त्यामुळे मी कुणाला आग्रह केला नाही.

आणि हिंजवडीच्या जेनोव्हाची जेमकोव्हॅक-ओएम, जून २०२३, एमआरएनए. पुणेकर म्हणून हिचं कौतुक आहे, कारण परदेशी एमआरएनएला खोल गोठवण लागायची आणि ही साध्या २ ते ८ डिग्रीत राहते, सुईशिवायच्या यंत्राने त्वचेत देतात, आणि खास ओमिक्रॉनसाठी बनवलेली. किंमत मात्र तेव्हा २,२९२ रुपये. पण ओमिक्रॉन म्हणजे २०२१ च्या शेवटचा. नंतर जेएन.१ हा नवा उपप्रकार आणि त्याची पिलावळ आली, २०२५ च्या मे-जूनमध्ये पुण्यात पुन्हा टेस्ट व्हायला लागल्या त्या याच घराण्यामुळे. बाकीच्या तिन्ही तर २०२० च्या मूळ विषाणूवर. फ्लूच्या खोक्यावर यंदाची नावं आणि इथे २०२०-२१ चा विषाणू, हा फरक माझ्या मते सगळ्यात मोठा आहे आणि गिऱ्हाईक हाच कधी विचारत नाही.

भीतीचं बोलू

सगळ्यात जास्त विचारलं जातं ते हेच, त्यामुळे जरा लांबण लागेल.

कोविशील्ड आणि रक्ताच्या गुठळ्या. हे खरं आहे. प्लेटलेट कमी होऊन गुठळी होते, टीटीएस म्हणतात, युरोपच्या नियामकाने ७ एप्रिल २०२१ लाच अतिदुर्मिळ दुष्परिणाम म्हणून नोंद केली होती. ब्रिटनने आधी तिशीच्या आणि मग चाळिशीच्या आतल्यांना दुसरी लस द्यायला सुरुवात केली, कारण तिथे तरुणांत प्रमाण साधारण ५० हजारांत एक निघालं. आपल्याकडच्या समितीने मे २०२१ मध्ये सांगितलेलं प्रमाण दहा लाख डोसांमागे ०.६१, आता हे खरंच कमी होतं की आपल्याकडे नोंदच कमी होते, यावर तुमचं मत तुम्ही बनवा, माझं मत अर्थातच नोंद कमी होते हे आहे, निदान काही प्रमाणात. एप्रिल-मे २०२४ ला ब्रिटिश कोर्टातल्या कागदात ॲस्ट्राझेनेकाने टीटीएस क्वचित होऊ शकतो हे मान्य केल्याची बातमी आली आणि इथे एकदम गदारोळ, जणू काही नवीनच गुपित फुटलं. गुपित तीन वर्षं उघडं होतं. आणि मुख्य म्हणजे हा प्रकार होतो तो डोसनंतरच्या काही आठवड्यांत, तोही जास्त करून पहिल्या डोसनंतर. २०२१ ला कोविशील्ड घेतलेल्या माणसाने आज त्यासाठी डी-डायमर ही गुठळीची रक्तचाचणी करत फिरू नये, लोक फिरतात, लॅबवाल्यांचं भलं होतं.

एमआरएनए आणि हृदयाच्या स्नायूची सूज. हेही खरं, मुख्यतः तरुण मुलांमध्ये, दुसऱ्या डोसनंतर, बहुतेक जण बरे झाले. स्वीडनने ऑक्टोबर २०२१ ला तिशीच्या आतल्यांना मॉडर्ना थांबवली होती. आता हीच गोष्ट घेणाऱ्याच्या जागेवरून बघा, सत्तरीच्या बाबांना हा धोका अगदी किरकोळ आणि कोविडचा धोका मोठा, वीस वर्षांच्या मुलाला हा धोका तुलनेने जास्त आणि कोविडचा कमी. परत वयच.

'हल्ली तरुण पोरं जिममध्ये पडतात ती लसीमुळेच', हे तर रोजचंच. आयसीएमआरने १८ ते ४५ वयातल्या अचानक मृत्यूंचा अभ्यास केला, ४७ हॉस्पिटलं, ७२९ मृत्यू आणि त्यांच्याशी ताडून बघायला २,९१६ जिवंत लोक. लस घेतल्याने धोका वाढलेला दिसला नाही, उलट दोन डोस घेतलेल्यांत कमी दिसला. धोका वाढवणारी जी कारणं निघाली ती कोविडने ॲडमिट झालेलं असणं, घरात अशा मृत्यूचा इतिहास, आदल्या दोन दिवसांत भरमसाठ दारू, आणि एकदम जोराचा व्यायाम. परिपूर्ण अभ्यास आहे का, नाही, माहिती नातेवाइकांच्या आठवणीवर घेतलेली. पण व्हॉट्सॲपच्या व्हिडिओपेक्षा कितीतरी भक्कम. याउलट कोव्हॅक्सिनवर बीएचयूचा, म्हणजे बनारस हिंदू विद्यापीठाचा, जो अभ्यास २०२४ ला गाजला, ९२६ लोकांना फोन करून विचारलेला, त्यात लस न घेतलेल्यांचा तुलनेचा गटच नव्हता, आयसीएमआरने हरकत घेतली आणि जर्नलने तो मागे घेतला. माझं म्हणणं, जर्नलने आधी छापायलाच नको होता, कारण मागे घेतल्यावर लोकांना वाटतं काहीतरी दाबलं.

आणि फ्लूची लस एकदम सोवळी आहे असंही नाही बरं का. १९७६ ला अमेरिकेत स्वाइन फ्लूची साथ येणार म्हणून चार कोटींच्या वर लोकांना टोचली, साथ काही आली नाही, आणि गुलियन-बारे नावाचा हातपाय लुळे करणारा आजार लाखात एकाच्या आसपास जास्त दिसला, कार्यक्रम बंद करावा लागला. २००९ च्या साथीत युरोपातल्या पॅन्डेमरिक्स या स्वाइन फ्लूच्या लसीनंतर मुलांमध्ये नार्कोलेप्सी, म्हणजे दिवसा अचानक झोप लागण्याचा आजार, दिसली, फिनलंड-स्वीडनमध्ये. म्हणजे साथीच्या घाईत बनलेल्या लसीने फ्लूच्या घरातही चटके दिलेत. आजच्या नेहमीच्या फ्लू लसीला गुलियन-बारेचा जादा धोका धरला तरी दहा लाखांत एक-दोन. ज्यांना आधी हा आजार होऊन गेलाय त्यांनी मात्र न्यूरोलॉजिस्टला विचारल्याशिवाय घेऊ नये. अंड्याच्या ॲलर्जीमुळे आता सहसा अडत नाही, पण सांगायचं.

मग फायदा किती? फ्लूची लस काही चिलखत नव्हे, विषाणू जुळलेल्या वर्षी डॉक्टरकडे जावं लागण्याचं प्रमाण ४० ते ६० टक्क्यांनी कमी होतं, म्हाताऱ्या माणसांत त्याहून कमी. लस घेऊनही सर्दी-ताप येणारच, तेव्हा 'लस खोटी' म्हणून दुकानात भांडायला येऊ नका, सर्दी दहा प्रकारच्या विषाणूंनी होते. पण न्यूमोनियावर जाणं, ॲडमिट होणं, ते कमी होतं, आणि सत्तरीत तेवढंच पाहिजे असतं. पुणेकरांना हे सांगायला लागू नये खरं तर, ३ ऑगस्ट २००९ ला देशातला स्वाइन फ्लूचा पहिला मृत्यू आपल्याकडेच झाला, शाळा बंद, नायडू हॉस्पिटलबाहेर रांगा, तोंडाला रुमाल, ते दिवस आठवतात ना. तोच एच१एन१ आता दरवर्षीच्या फ्लूच्या लसीत असतो. कोविड बूस्टरचाही फायदा तसाच, गंभीर आजारापासून, पण काही महिन्यांत उतरतो, आणि जुन्या विषाणूचा असेल तर मुळातच कमी. शिवाय आपल्याकडे बहुतेकांना दोन डोस अधिक एक-दोनदा कोविड होऊन गेलेला, ती जमा बाजू धरायलाच हवी.

पैशांचं पटकन. चार विषाणूंची फ्लूची लस साधारण दीड ते अडीच हजार, कंपनीप्रमाणे. तीन विषाणूंची मिळाली तरी हिरमुसू नका, बी/यामागाटा नावाचा चौथा मार्च २०२० नंतर जगात सापडलेलाच नाही, त्याचे जास्त पैसे देण्यात काही राम नाही. गरोदर असाल तर महापालिकेच्या दवाखान्यात आधी विचारा, मग खासगीत जा.

तर मी काय सांगतो गिऱ्हाइकांना. सत्तरीचे बाबा, शुगर: फ्लूची लस मे संपायच्या आत, आणि न्यूमोनियाची घेतली नसेल तर डॉक्टरांशी तेही बोला, बूस्टरच्या गोंधळात ती बिचारी कायम मागे राहते. कोविडचा तिसरा डोस कधीच झाला नसेल, वर्षभरात कोविडही झाला नसेल आणि कोव्होव्हॅक्ससारखं काही एक्स्पायरीत मिळत असेल तर घ्या, तिसरा आधीच झालेला असेल तर जुन्या विषाणूच्या चौथ्यासाठी वणवण करू नका. केमो चालू असलेलं, किडनी ट्रान्सप्लांट झालेलं माणूस असेल तर माझं काही ऐकू नका, तुमच्या स्पेशालिस्टचंच ऐका, तिथे हिशोब पूर्ण वेगळा. तिशीतला जिमवाला: कोविड बूस्टर नको, फ्लूची घेतली तर ठीक, घरात म्हातारं माणूस किंवा तान्हं बाळ असेल तर घ्याच. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला फ्लूची लस देता येत नाही, म्हणून भोवतालच्यांनी घ्यायची.

दोन्ही घ्यायच्या ठरल्या तर एकाच दिवशी दोन दंडांत चालतात, पण हात आणि अंग दोन्ही दुखलं की नंतर कुठल्याने दुखलं ते कळत नाही, म्हणून मी आठ-पंधरा दिवसांचं अंतर सुचवतो, हा वैद्यकीय नियम नाही, माझी सवय. अंगात ताप असेल त्या दिवशी जाऊ नका. टोचायच्या आधी खोका मागून घ्या, नाव, बॅच नंबर, एक्स्पायरी, फ्लूची असेल तर वर्ष, मोबाईलमध्ये फोटो काढा आणि टोचल्यावर वीस-तीस मिनिटं तिथेच बसा, पार्किंग डबल केलंय म्हणून पळू नका. आणि नंतर काही विचित्र झालं, नुसता ताप किंवा हात दुखणं सोडून, तर ग्रुपवर टाकण्याआधी डॉक्टरांना सांगा आणि १८००-१८०-३०२४ वर नोंद करा. ही सरकारची औषध-दुष्परिणामांची टोल फ्री लाइन आहे, सोमवार ते शुक्रवार ऑफिसच्या वेळेत लावा, आणि तो बॅच नंबरचा फोटो हाताशी ठेवा, कारण तिकडून पहिल्या दोन-तीन प्रश्नांत तोच विचारणार.